झोपलेल्या पायासाठी पॅडल

"मास्तर, पाय. अरे पाय कुठाय तुझा? पाय बघ, पाय!"

शेट मागून बोंबलत होता आणि मी सायकलवरून डोंगर उतरत होतो. माझ्या मते माझे दोन्ही पाय जिथे असायला हवेत तिथेच होते. डावा होताच. उजव्याबद्दल मला परक्या माणसाइतकीच माहिती असते. मी खाली बघितलं, तर तो पॅडल सोडून लोंबत होता, एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून बसलेल्या पोरासारखा, मजेत वारा खात. तेवढ्यात पुढचं चाक जांभ्याच्या दगडावर चढलं आणि मी उडालो. हवेत मी इतका वेळ होतो की मला रेवदंड्याची खाडी दिसली, तिच्यातल्या होड्या दिसल्या, आणि आमच्या वाडीतले नारळ उतरवायला झालेत हेही लक्षात आलं. मग मी करवंदीच्या जाळीत उतरलो.

शेट म्हणतो, उडालाबिडाला काही नाही, भाताचं पोतं कलंडावं तसा बाजूला पडला. आम्हा दोघांत खरं बोलायचं काम त्याच्याकडे आहे. माझ्याकडे बाकीचं.

शेट माझा शाळेपासूनचा दोस्त. रेवसकडचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. मिठागरं गेली, ट्रक आले, आणि त्याचा शेट झाला. मी चौलचा, शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून मास्तर. पन्नाशी उलटल्यावर दोघांनाही डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालणं आम्हाला कमीपणाचं वाटलं, म्हणून डोंगरात चालवायच्या जाड टायरच्या सायकली घेतल्या. दर रविवारी तो त्याच्या टेम्पोत सायकल टाकून चौलला यायचा. मग देवळाच्या डोंगरामागून गुरं जातात त्या वाटेने आम्ही वर चढायचो आणि आरडाओरडा करत खाली यायचो. त्या अर्ध्या तासात मी कुणाचा बाप नसायचो, कुणाचा नवरा नसायचो, कुणाचा मास्तर नसायचो. आठवड्याचे बाकीचे दिवस मी त्या अर्ध्या तासाच्या आशेवर काढायचो, यात मात्र तिखटमीठ काही नाही.

मग माझ्या कमरेतली चकती सरकली. नस दबली. ऑपरेशन झालं, कंबर सरळ झाली, पण उजवं पाऊल झोपलं ते झोपलंच. घोट्याखाली काही कळत नाही. पाऊल वर उचलायला गेलं की ते थोडा विचार करतं आणि नको म्हणतं. डॉक्टर म्हणाले, "नस आहे, वाट बघा." मी वाट बघतो आहे. त्या पायातली चप्पल कधी निसटते ते मला समजत नाही. एकदा नागावच्या एका लग्नाहून मी घरी आलो तो उजव्या पायात काहीच नव्हतं, आणि बायको म्हणाली, "अहो, चप्पल?" मी म्हटलं, नवऱ्यामुलाच्या मेहुण्यांनी पळवली असेल. ती हसली नाही. चप्पल दुसऱ्या दिवशी मांडवाबाहेरच्या चिखलात सापडली. मी ती तिथे सोडून अख्खा रस्ता चाललो होतो, खडीवरून.

असल्या पावलाला सायकलवर बसवायचं कसं, हा प्रश्न. ज्यांना शर्यती जिंकायच्या असतात ते बुटाच्या तळाला खटका लावून बूट पॅडलमध्ये अडकवतात. सोडवायचा तर टाच बाहेर फिरवायची. माझी टाच फिरत नाही. म्हणजे मी पडलो तर सायकलसकट पडणार, आणि चितेवरही सायकलसकटच जाणार. तेव्हा सपाट पॅडल. पण असं सपाट की झोपलेल्या पावलालाही धरून ठेवील. आणि आमच्या हवेत टिकेल.

आमच्या हवेचं सांगायला हवं. आमच्याकडे वाऱ्यातच इतकं मीठ आहे की दोरीवर वाळलेल्या सदऱ्याची बाही चुकून आमटीत बुडाली तर वरून मीठ घालावं लागत नाही. मुंबईचे एक पाहुणे नवी सायकल घेऊन लाँचने आले. रेवसच्या धक्क्यावर उतरवली तेव्हा ती चंदेरी होती, आमच्या दारात पोचेपर्यंत विटकरी झाली होती. वाडीच्या गेटचं कुलूप आम्ही दर वर्षी बदलतो, कारण पावसाळ्यानंतर चावी लावली की चावी आत राहते आणि कुलूप हातात येतं.

म्हणून मी आणि शेट पनवेलला गेलो आणि एका सायकलच्या दुकानात दुपार घालवली. काउंटरवर पॅडलांचा ढीग पडला. अ‍ॅल्युमिनियमची देखणी होती, पातळ, ताटासारखी चमकणारी. पण बूट घसरू नये म्हणून त्यांच्यात लोखंडी पिना बसवलेल्या, आणि खाऱ्या हवेत त्या दोघांचं असं काही लग्न लागतं की पुन्हा सोडवता येत नाही. नायलॉनची दिसायला गरीब, पण त्यांना गंज ठाऊक नाही. दगडावर आपटली तर खरवडतात, वाकत नाहीत. मी उलटीपालटी करून बघत होतो. बेअरिंग बंद डबीतलं आहे ना, पाणी आत जाणार नाही ना. आस पोलादाची आहे ना. तळ मधे किंचित खोलगट आहे ना, म्हणजे पाऊल त्यात बसेल. पिना वरून घासल्या तरी खालच्या बाजूने पान्याने काढता येतात ना, कारण वरचं डोकं झिजलं की ती पिन जन्माची तिथेच.

शेटची रीत वेगळी. त्याने प्रत्येक पॅडलवर तळहात दाबून रेटला, जसा तो ट्रकचा टायर बघतो. शेवटी नायलॉनच्या एका काळ्या जोडीवर त्याचा हात अडकला. त्याने हात वर करून दाखवला. तळव्यावर पिनांच्या ठशांची नक्षी उठली होती.

"ह्यो घे," तो म्हणाला. "ह्यो कुत्र्यासारखा चावतोय. सोडायचा न्हाय."

"मला चावलेलं कळणार नाही."

"तुला नको कळू दे. पायाला कळंल."

घरी आणून मीच बसवली. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं हे शेटला ठाऊक नव्हतं, त्याने पान्यावर उभं राहून ते असं आवळलं होतं की सायकल फिरली पण पॅडल नाही. आट्यांना ग्रीस फासलं, नाहीतर मीठ त्यांना कायमचं शिवून टाकतं. तळ सपाट आणि रबर मऊ असलेले बूटही घेतले. जाड खाचांच्या बुटांत पिना नीट रुतत नाहीत.

आणि पॅडलने पाय धरला. खरंच धरला. पण मला ते कळायची सोय नव्हती. म्हणून शेटने एक पद्धत काढली. तो माझ्या मागे चालवायचा, माझ्या उजव्या पावलावर नजर ठेवून, आणि दर थोड्या वेळाने ओरडायचा, "हाय." म्हणजे पाय आहे. आम्ही डोंगर उतरायचो ते असे: पुढे मी, मागे त्याचं "हाय… हाय… हाय." खाली गुराखी विचारायचे, शेटना कुठं दुखतंय का.

एका रविवारी घरी आलो, बूट काढला आणि बायको दारातच थांबली. उजवा मोजा लाल होता. पॅडल कधीतरी फिरून नडगीवर आणि घोट्यावर आपटलं होतं, पिनांनी सालटं काढली होती, बुटात रक्त साचलं होतं. नडगीवरचं तेवढं चुरचुरत होतं. घोट्यावरचं सगळ्यात खोल होतं आणि तिथे ती बोट लावत होती तरी मला काही कळत नव्हतं. ती गरम पाण्याने पुसत राहिली. मी तिला सांगायला लागलो की एका बिबट्याने… ती म्हणाली, "गप्प बसा हो." त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की नस परत येणार नाही, आणि हे तिला माझ्याआधीच कळलेलं आहे.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड धुऊन, पुसून, खोबरेल तेल लावून पाटावर मांडतात. कोयते, पहारी, विळी, नारळ सोलायचा सुळा, गेटचं कुलूपसुद्धा. खाऱ्या वाऱ्याला आमच्याकडे तेवढं एकच उत्तर आहे, खोबरेल. गंध लावायचं, फूल वाहायचं. सायकलीलाही झेंडू बांधला होता. सायकलीशी बायकोचं कधी जमलं नव्हतं, पण त्या दिवशी सकाळी तिने कापसाचा बोळा घेतला आणि उजव्या पॅडलच्या एकेका पिनेला खोबरेल लावलं. मग डाव्याच्या. मग तळ पुसून काढला, तुकतुकीत. जे माझा पाय धरून ठेवतं त्याला गंज चढू नये, म्हणून. मी तेव्हा अंघोळीला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आम्ही डोंगरावर गेलो. वर पोचेपर्यंत ठीक, उतरताना पहिल्या वळणापर्यंत "हाय", आणि मग ती बोंब. मग खाडी, होड्या, नारळ आणि करवंदीची जाळी.

शेटने मला काट्यांतून ओढून काढलं. मनगट सुजलं होतं, कपाळावर टेंगूळ. सायकल उचलताना त्याने पॅडलवर हात ठेवला आणि हात घसरला. त्याने बोटं नाकाशी नेली.

"मास्तर, ह्याला खोबरेल लावलंय."

मला त्या क्षणी झालेला आनंद मी तुम्हाला काय सांगू. मी त्या जांभ्यावर बसून हसलो. पाय गेला नव्हता, तेल होतं. पिना शाबूत, पाऊल शाबूत, नस वाटेवर, फक्त तेल. घरी येऊन मी दारातूनच सुरू झालो, की आमच्याकडे लोकांना सोनं वाटतात, मला मात्र बायकोने तेल वाटलं. शेजारणीला सांगितलं, शाळेत सांगितलं, नारळ उतरवणाऱ्यांना सांगितलं. प्रत्येक वेळी डोंगर थोडा उंच झाला आणि तेल थोडं जास्त झालं. शेवटी शेवटी तर तिने पॅडल तेलात तळून काढली होती. लोक हसायचे. ती पाट उचलायची, भांडी लावायची, आत जायची. जेवताना तिने भात वाढला आणि एवढंच म्हणाली, "माझ्याच हाताने झालं म्हणायचं मग." मी म्हटलं, हो, झालंच की. मला ते खरं असायला हवं होतं. तिच्या हाताने झालं नसेल तर ते माझ्या पायाने झालं होतं.

मनगटाची सूज उतरल्यावर तिने स्वतः पॅडल धुतली. आधी रॉकेल, मग रिठ्याचं पाणी, मग राख. पिना जुन्या ब्रशने घासल्या. शेटने येऊन तळहात रेटला आणि दाखवला, नक्षी पूर्वीसारखी उठली होती. बूट नवे घेतले, म्हणजे तळाला लागलेल्या तेलाचीही शंका नको.

मग ती म्हणाली, "मी खाली वाटेच्या तोंडाशी येऊन उभी राहते. एकदा उतरून दाखवा. पाय राहिला तर मी चुकले, पुन्हा कधी हात लावणार नाही. आणि सुटला तर सायकल भाऊजींच्या टेम्पोत. कायमची."

"कबूल," मी म्हटलं.

वर गेल्यावर मी त्याला म्हटलं, "शेट, आज जरा सांभाळून घे."

"म्हंजी काय?"

"म्हणजे काही नाही."

"मी खोटं बोलायचा न्हाय, मास्तर. मला जमत न्हाय त्ये. तोंड वाकडं होतं."

पाऊस संपून गवत पिवळं पडायला लागलं होतं, आणि जांभ्यावरचं शेवाळ वाळून काळं झालं होतं. मी निघालो. मागे "हाय" आलं. पुन्हा "हाय". मग पहिलं वळण, आणि वारा कानात भरला. त्यानंतर शेटचा आवाज आला नाही, पण बोंबही आली नाही. मी खाली बघितलं नाही. गेल्या वेळी बघूनच पडलो होतो. दगड आले, चाक उडालं, बसलं, करवंदीची जाळी डावीकडून गेली, मी तिला हात केला. मी एखाद्या घारीसारखा उतरलो, मी वीस वर्षांचा होतो, माझ्या पायाखाली पृथ्वी होती आणि ती मला कळत होती, अगदी अंगठ्यापर्यंत, अशी शपथ मी तेव्हा कुठेही घेतली असती. वाटेच्या तोंडाशी ब्रेक दाबला, डावा पाय टेकला आणि उभा राहिलो. न पडता.

बायको समोर होती, पदराचं टोक मुठीत धरून.

"बघितलंस," मी म्हटलं. "तेलच होतं."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. शेट मागून येऊन थांबला, धापा टाकत. हेल्मेट काढून त्याने कपाळ पुसलं आणि पुसतच राहिला.

"भाऊजी," ती म्हणाली, "पाय होता?"

मी त्याच्याकडे बघत होतो. त्याचं तोंड वाकडं व्हावं म्हणून मी देवाला काय काय कबूल केलं ते मलाच माहीत. ते सरळच राहिलं.

"न्हाय वहिनी," तो म्हणाला. "पहिल्या वळणालाच सुटला. खाली बघून पडंल म्हणून वरडलो न्हाय."