नाल्यापलीकडचं जोतं

मी शिकलो ते सुभद्राआत्यामुळे. कापूस वेचून तिनं मला बी.ए. केलं. आणि तिलाच मी फसवलं.

आमचं जुनं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. आता तिथं कोणी राहत नाही, नुसतं रिठ. घरांची जोती तेवढी उरलीत. हनुमान जयंतीला सगळे नव्या गावातून तिथं जातात आणि आपापल्या जोत्यावर दिवा लावतात.

दहा वर्षांचा असताना मी मारुतीजवळच्या एका दगडी जोत्यावर दिवा ठेवला. पाटलानं तो बुटानं उडवला.

"काऊन बे, तुह्या बापाचं घर हाये का हे? तुमचं नाल्याच्या तिकडे."

लोक हसले. आत्यानं पणती उचलली, पदरानं पुसली आणि नाला ओलांडला. मी मान खाली घालून मागे गेलो.

त्याच दिव्यापाशी तिनं सांगितलं, गाव कसं उठलं ते. दुष्काळात विहिरीला थोडं पाणी होतं. आमच्या लोकांना तिच्यावरून हाकललं. आमची घरं आधी गेली. मग शेतात राबायला कोणी उरलं नाही, म्हणून बाकीचं गाव उठलं.

मी मास्तर झालो. मारुतीचा जीर्णोद्धार निघाला, तेव्हा गावाच्या इतिहासाची पुस्तिका लिहायला त्याच पाटलानं मला बोलावलं. खुर्ची दिली. सर म्हणाला. मी विरघळलो.

"नाल्यापलीकडचं कायले लिहिता, सर? ते गावात मोडतच नव्हतं. विहीर आटली, गाव उठलं. बस."

मी तसंच लिहिलं. नकाशाही नाल्यापाशी थांबवला.

यंदाच्या हनुमान जयंतीला रिठावर माइकवरून ते वाचलं. टाळ्या पडल्या. खाली उतरलो, तर आत्या अक्षर अक्षर लावत पुस्तिकेची पानं उलटत होती.

"आपले घरं कोन्या पानावर हायेत रे?"

"जागा कमी पडली, आत्या."

"हाव. जागा तं तवाबी कमीच होती."

पणती घेऊन एकटीच नाल्याकडे निघाली. मला हाक मारली नाही. मीही गेलो नाही. पाटलाच्या शेजारी जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी पाटलाकडे गेलो. म्हटलं, "माझं नाव काढा. मी खोटं लिहिलं."

"सर, खुर्ची देल्ली ते इसरले का?"

"त्या खुर्चीपायीच लिहिलं होतं," मी म्हणालो. बसलो नाही.

संध्याकाळी नोकरीच्या गावी परतलो आणि आत्याला पत्र टाकलं:

"आत्या, मोठ्या अक्षरात लिहितो आहे, सावकाश वाच. विहीर आटली नव्हती, हे मला माहीत होतं. तरी लिहिलं. माफी मागत नाही, मागायचं तोंड नाही. रविवारी वही घेऊन येतो. आपण नाल्यापलीकडे बसू. तू एकेक घर दाखव, कोणाचं ते सांग, मी लिहीन. विहिरीवरून हाकलणाऱ्यांचीही नावं सांग. पाटलाचा आजा असला तरी सांग. या वेळी एकही गाळणार नाही. माझंही नाही."