भावाला जामीन

कर्ज फेडायची ऐपत नाही म्हणून कोर्टाने माझ्या धाकट्या भावाला नादार ठरवलं, त्या संध्याकाळी तो जालन्यात मस्तगडला आमच्या घरी पेढे घेऊन आला. नादारीचे पेढे वाटणारा जालना जिल्ह्यातला तो पहिलाच असावा. "ताई, सुटलो आपण," म्हणाला, आणि आम्ही सगळ्यांनी ते पेढे आनंदाने खाल्ले. कर्ज घेणारा सुटला म्हणजे जामीनदारही आपोआप सुटला, असाच आमच्या घरादाराचा समज होता. वडीगोद्रीला सडकेवर त्याचं विहिरीवरच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान होतं. पावसाने सलग पाठ फिरवली, विहिरी आटल्या, मोटार कोण घेणार? उधारी बुडाली आणि पतसंस्थेचं कर्ज थकलं. त्या कर्जाला जामीन म्हणून पगारदार माणसाची सही हवी होती, मी शाळेत शिकवत होते, म्हणून ती मी केली होती.

पेढ्यांची चव तोंडात होती तोवरच पतसंस्थेची नोटीस आली. वसुली आता माझ्या पगारातून होणार होती. मी तशीच वकिलाकडे गेले. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "बाई, नादारी त्यांची, जामीनकी तुमची. त्यांच्याकडून निघालं न्हाई तर तुमच्याकडून निघावं, म्हणूनच तर जामीन घेतेत," ते म्हणाले. मुलीची फी, घराचं भाडं, सासूबाईंची औषधं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. संताप आला तो मात्र भावाचा. हा हात वर करून मोकळा झाला आणि मी अडकले! मी निरोप धाडला, भाऊबीजेला येऊ नकोस. तो आला नाही. त्याचा उलट निरोपही आला नाही. किती निगरगट्ट झाला हा, असं मी सगळ्यांना सांगत सुटले.

पुढे अंगारकी आली. राजूरच्या गणपतीला अंगारकीला जालन्याहून माणसं पायी जातात. शेजारणींबरोबर मीही पहाटे निघाले, पण भक्तीने नव्हे, तावातावाने. देव असेल तर त्याला हे दिसत कसं नाही, असं माझ्या मनात चाललं होतं. त्याच्यापुढे उभं राहून एकच शपथ घ्यायची ठरवली होती, की आजपासून मला भाऊ नाही.

उन्हं चढली तसे पाय बोलायला लागले. शेजारणी पुढे निघून गेल्या. सडकेच्या कडेला बाभळीखाली एक म्हातारी पेरूची पाटी घेऊन बसली होती, तिच्याजवळ मी टेकले. उपासाला पेरू चालतो म्हणून एक घेतला, चावला, आणि का कोण जाणे, मला रडूच कोसळलं.

"कायला रडून राह्यलीस, बाई? पाय दुखतेत का?"

"भावाला जामीन राहिले होते," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"मंग बराबर केलं की," ती म्हणाली. "आला का त्यो बाहेर?"

तिला वाटलं, माझा भाऊ कोठडीत आहे आणि मी त्याचा जामीन दिला. शाळेतल्या बाईंच्या सवयीने मी तिची चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं. पण तीच पुढे बोलत होती. "माह्या भावाला कुणी जामीन राह्यलं न्हाई. गरिबाला कोण राहतं? आतच खंगला. तुहा आला का बाहेर?"

मला ठाऊकच नव्हतं. तो जेवतो का, कुठे जातो, कुणाशी बोलतो, यातलं मी काहीच विचारलं नव्हतं. निगरगट्ट म्हणून मोकळी झाले होते. म्हातारीने पेरूचे पैसे मात्र बराबर मोजून घेतले आणि "जल्दी जा, रांग वाढंल," म्हणून मला उठवलं.

राजूरला गणपतीपुढे उभी राहिले तेव्हा ती शपथ ओठांवर येईना. कर्जातून सोडव, असंही म्हणवेना. फेडायचं तर फेडीन, पण माझ्यात बळ घाल, एवढंच मागितलं आणि डोकं टेकवलं.

रविवारी वडीगोद्रीला गेले. भावजय दारातच रडायला लागली. "ताई, पतसंस्थेनं तुम्हाला धरलं असं कळलं, तवापसून हे उंबऱ्याभाईर न्हाई गेले. जेवण बी धड न्हाई." आतल्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. दाढी वाढलेली, खांदे पडलेले. त्या क्षणी मला देवाची भीतीही वाटली आणि त्याच देवाचे पायही धरावेसे वाटले, कारण अजून थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे त्या खोलीत मला दिसत होतं.

"ऊठ. सडकेवर चहा प्यायला चल," मी म्हटलं.

"न्हाई ताई. लोकं बघतेत. तोंड कसं दाखवू?"

मी त्याचं मनगट धरून त्याला उभं केलं. "बघू देत. कुणी काही विचारलं तर माझ्याकडे बोट दाखव. मी जामीन आहे ना तुला?"

तो लहानपणी रडायचा तसा हमसून रडला. मग चपला शोधू लागला.

पुढची कैक वर्षं पगार हातात यायच्या आधीच कापला जायचा. आम्ही शिळंपाकं खाल्लं, मी सुट्टीत शिकवण्या घेतल्या, भावाने दुसऱ्याच्या दुकानात नोकरी धरली आणि त्याला जमेल तसा हातभार लावला, तेव्हा कुठे कर्ज फिटलं. देवाने कर्जातला रुपयाही कमी केला नाही, तशी माझी तक्रारही नाही. त्या म्हातारीला पुढच्या अंगारकीला शोधलं, ती दिसली नाही. ती कोण होती याचा खल मी करत नाही. भाऊ तोडायची शपथ घ्यायला गेले होते, देवाने त्या शपथेचं काय केलं ते मी पाहिलं आहे. भाऊ आज सकाळीच येऊन गेला, माझ्या नातवासाठी जिलबी घेऊन. दारातूनच मोठ्याने हाका मारत आला.