पेगीच्या नेडचं आडनाव

थॉर्नबूथ गावात चाळीस घरं, त्यांतली एकतीस ऑर्मरॉडांची. एवढ्या ऑर्मरॉडांत कोण कुणाला आडनावानं हाक मारणार? आडनाव चर्चच्या वहीत पडून असायचं आणि माणूस बापाच्या, आजीच्या नाहीतर एखाद्या व्यंगाच्या नावानं ओळखला जायचा. काण्या सॅमचा जाबेझ, गिरणीवाली डॉली, आणि बूट करणारा पेगीचा नेड.

पेगी म्हणजे नेडची आजी. तिनं उभ्या जन्मात दोनच कामं मन लावून केली: घरी बिअर गाळून विकली आणि गावभर भांडली. ती मरून तीस वर्षं झाली तरी नेड तिचाच. लाकडी तळाचे, खाली लोखंडी पट्टी ठोकलेले बूट त्याच्यासारखे खोऱ्यात कुणाला जमत नसत. अख्खं गाव त्याच्याच बुटांत खडखडत गिरणीवर जायचं. पण नाव त्या भांडकुदळ म्हातारीचं, हे त्याला रोज टोचायचं. आणि ते रोज ऐकावं लागायचं त्याच्या बायकोला, केझियाला.

"चांगलं आडनाव आहे मला. कुत्र्यालासुद्धा कुणी आजीच्या नावानं हाक मारत नाही."

"कुत्र्याची आजी बिअर विकत नव्हती," केझिया म्हणायची.

एकदा त्यानं चर्चच्या वहीतलं आपलं पूर्ण नाव लिहून दुकानावर पाटी लावली: एडमंड ऑर्मरॉड. आठवडाभर पुढच्या दाराला गिऱ्हाईक फिरकलं नाही. मागच्या दारानं मात्र चौघं येऊन सांगून गेले, "पुढची बाजू कुणा ऑर्मरॉडला दिलीस म्हणे. आम्ही नाही बाबा त्याच्याकडे जाणार."

पाटी उतरली. मग तो आडनावाचं मूळ विचारायला पाद्रीबुवांकडे गेला. मनात एखादा सरदार होता, निदान घोडा तरी. जुने कागद चाळायचा नाद असलेल्या पाद्रीबुवांनी सांगितलं, की शेकडो वर्षांमागे ओर्म नावाच्या कुणीतरी रान तोडून जमीन मोकळी केली. जुन्या बोलीत रॉड म्हणजे अशी मोकळी केलेली जागा; त्या जागेला लोक ओर्मचा माळ म्हणू लागले, आणि तिथे राहणाऱ्यांना ऑर्मरॉड.

"म्हणजे हे नाव त्यांनी घेतलं कसं?"

"घेतलं कुठलं! शेजाऱ्यांनी दिलं. ओर्मच्या माळावरचा अमका, बस्स."

घरी येऊन त्यानं केझियाला रान तोडणारा पराक्रमी ओर्म तेवढा सांगितला. शेजाऱ्यांचा भाग तिला पुढे पाद्रीबुवांकडूनच कळला, पण ती बोलली नाही. माणसाचं तेवढंच एक सुख होतं.

शेवटी नेडनं बिऱ्हाड मैलभर वर, डोंगराच्या कडेला नेलं. तिथे हाक मारायला फक्त मेंढ्या. साठाव्या वर्षी, जानेवारीत त्याची छाती भरली. गावातलं दुकान बंदच राहिलं, ते बर्फामुळे असं लोकांना वाटलं. जाण्याआधी त्यानं केझियाकडून वचन घेतलं: मातीचं बोलावणं एडमंड ऑर्मरॉडच्या नावानं जाईल, थडग्याच्या दगडावरही तेच, आणि बोलावणारा परगावचा असेल. "इथला कुणी पेगीचा नेड गेला म्हणून मोकळा होईल."

तसा परगावचा माणूस आला आणि घरोघर सांगून गेला: एडमंड ऑर्मरॉड वारले, मंगळवारी दहा वाजता राहत्या घरून निघायचं. लोकांनी टोप्या काढल्या, वाईट झालं म्हटलं. कोण एडमंड, हे कुणीच विचारलं नाही. आपलाच भाऊबंद आपल्याला ठाऊक नाही, हे कबूल कोण करणार?

मंगळवारी केझियानं हॅमचे काप मांडले, ओटची भाकरी ठेवली. दहा वाजले, अकरा वाजले. घरात ती, तो बोलावणारा आणि पेटी. पेटी उचलायला सहा माणसं लागतात. शब्द पाळावा तर नवरा घरातच राहतो. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि मेलेल्या माणसावर आपण रागावलो म्हणून लाजही वाटली.

तेवढ्यात धापा टाकत जाबेझ वर आला. "नेड आहे का घरात? दुकानावरनं तीनदा परत गेलो. माझे बूट राहिलेत त्याच्याकडे."

"आहे. आत ये."

पेटी बघून जाबेझनं टोपी काढली. "हा कोण?"

"एडमंड ऑर्मरॉड."

"परवा सांगत होते तो? तुझ्याकडे कसा आणला?"

"अरे, माझा नवरा तो."

"नेड?" जाबेझ पेटीशेजारी बसला. "नेड ऑर्मरॉड? कधीपासून?"

"जन्मापासून."

तो उठला, डोळे पुसले आणि उताराला लागला. केझिया दारात आली. "जाबेझ, नाव नीट सांग."

तो वळला. "कुठलं?"

तिनं एकदा आत पेटीकडे बघितलं. "ज्यानं माणसं येतील ते," ती म्हणाली.

तासाभरात सगळा गाव बूट खडखडवत डोंगर चढून आला. गिरणीतल्या बायका कामावरच्या कपड्यांतच आल्या. पेटीला खांदा द्यायला सहा जण पुढे झाले. सहाही ऑर्मरॉड होते, आणि त्या वेळी त्यांतल्या एकालाही ते आठवलं नाही. केझिया मागून निघाली. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "सरका रे, पेगीच्या नेडची बायको आहे, तिला वाट द्या." तेव्हा तिला पहिल्यांदा रडू आलं.