कोंडाजीचा खोळंबा

माण गावच्या रंभाबाईला स्वतःच्याच अंगणात बसवत नव्हतं. तिचा नवरा कोंडाजी कालच गेला होता. त्याला काचेच्या शीतपेटीत ठेवून सगळी भावकी न्यूयॉर्कच्या विमानाची वाट बघत बसली होती. त्या विमानानं तिचा एकुलता एक मुलगा शेखर येणार होता.

भातखाचरं कंपन्यांत गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर या नवरा-बायकोनं भाड्याच्या खोल्या बांधल्या. मग कोंडाजीची एक बाजू लुळी पडली. रंभाबाईनं वर्षानुवर्षं त्याला चमच्यानं भरवलं, त्याचं हागणं-मुतणं काढलं. तिला कधी किळस आली नाही. आज येत होती.

पुतण्या दयानंद मोबाईलवर विमानाचा रस्ता दाखवत होता. "साडेबारा हजार किलोमीटर हाय! सरळ आलं तर पंधरा-सोळा तासांत मुंबई!" माणसं वाकून वाकून बघत होती. चहा पिऊन झाला की कागदी कप पेटीवरच ठेवत होती. एकानं तंबाखूची पिंक टाकून विचारलं, "इमानात जेवाय काय देत्यात रं?" हशा पिकला. पेटीखालून पाण्याचा ओघळ निघाला होता, त्यावर माश्या घोंगावत होत्या. रंभाबाईनं पदर नाकाला लावला. तिला वास येत होता तो मेलेल्याचा नव्हे, या जित्या माणसांचा.

तेवढ्यात शेखरचा फोन आला.

"आई, उद्या संध्याकाळी पोचतो."

"आज येनार हुतास न्हवं?"

"थेट विमान होतं गं, पण इतके तास एका जागी बसून माझी पाठ धरते. म्हणून दुबईवरून घेतलंय. आत्ता दुबईतच उतरलोय, रात्री हॉटेलात झोप होईल. बाबा काय, पेटीत आहेतच."

रंभाबाईनं फोन दयानंदच्या हातात कोंबला आणि लुगड्याला हात पुसला.

"उचला ह्यास्नी."

"काकी, पोरगं वाटंत हाय..."

"वाटंत न्हाई, हाटेलात हाय. उचला म्हनते ना!"

"आन मडकं कोन धरनार?"

"मी."

म्हातारा गेणबा पुढं आला. "वैनी, बाईमानसं असं कुटं करत्यात व्हय?"

"भावजी, तुमी त्यो पेटीवरला कप उचला आदी."

गेणबानं कप उचलला. रंभाबाईनं खांद्यावर मडकं घेऊन फेऱ्या घातल्या, अग्नी दिला.

दुसऱ्या संध्याकाळी शेखर आला तो तणतणतच. "एक दिवस थांबता आलं नाही तुला?"

"जेवून घे," एवढंच ती म्हणाली. ताट वाढलं, पण त्याला जेवताना बघणं तिच्यानं होईना. ती उठून मागच्या दारी गेली.

दहावा उरकून तो परत निघाला. पाया पडायला वाकला, तेव्हा तिनं पाय मागं घेतले.