दोन वाक्यांचं कौतुक

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही ते बरं झालं, नाहीतर आजवर नाव घेऊन शिव्या घातल्या असत्या.

दोन हजार सहा साली अमेरिकेत, पार्सिपनी गावच्या एका गॅरेजमध्ये टायर बदलून व्हायची वाट बघत बसलो होतो. शेजारी पन्नाशीचा एक अमेरिकन. काचेच्या बाटलीतून चहा पिताना वर तरंगणारी पानं फुंकर मारून बाजूला करायचा. नऊ वर्षं चीनमध्ये नोकरी करत होता, सुट्टीवर घरी आला होता.

बोलता बोलता तो एकदम चिडला. "मी चायनीजमध्ये दोन वाक्यं बोललो, की भाजीवालीसुद्धा म्हणते, किती छान बोलता. नऊ वर्षं झाली. मी काय सर्कशीतलं अस्वल आहे?"

मला ते इतकं पटलं, की मीही माझी इथली अकरा वर्षं त्याच्यापुढे ओतली. ऑफिस, शेजारी, मुलीची शाळा, सगळीकडे हेच कौतुक. त्याने मान डोलावत सगळं ऐकलं. गाडी तयार झाल्यावर उठला, माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "पण तुमचं इंग्लिश खरंच छान आहे हं."

मी हसून थँक यू म्हणालो. ते थँक यू आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.