चोवीस तासांची माशी

"चोवीस तास, सर!"

हिंगणीच्या वैष्णवीनं घंटा वाजायच्या आत उत्तर दिलं आणि मी हातातलं कार्ड पुन्हा एकदा वाचलं.

सेलूला तालुक्याची सामान्यज्ञान स्पर्धा चालू होती. आठवी-नववीची मुलं, दोघादोघांचे संघ. मी परीक्षक. हिंगणी आणि सेलूची एक शाळा बरोबरीत आल्या होत्या. हा शेवटचा प्रश्न. जिंकेल तो संघ वर्ध्याला, जिल्ह्याच्या फेरीला जाणार होता. हिंगणीची शाळा आजवर तिथपर्यंत पोचली नव्हती. प्रश्न साधा होता. घरमाशीचं आयुष्य साधारण किती? माझ्या हातातल्या कार्डावर उत्तर होतं, पंधरा दिवस ते एक महिना.

चोवीस तास हे उत्तर तिनं कुठून आणलं, ते मला पक्कं माहीत होतं. ते मीच छापलं होतं.

वर्ध्याच्या एका छोट्या वर्तमानपत्रात मी उपसंपादक आहे. उपसंपादक म्हणजे बातम्या तपासायच्या, कापायच्या, मथळे द्यायचे आणि पान लावून छपाईला सोडायचं. पानावर कधीकधी दोन-तीन बोटं जागा उरते. ती भरायला जो छोटा मजकूर टाकतात, त्याला फिलर म्हणतात. आमच्या फिलरला मी नाव दिलं होतं, 'काय सांगता!' रोजच्या जगण्यातल्या गमतीजमती. कांदा कापताना डोळ्यांत पाणी का येतं, जांभई बघून जांभई का येते, असलं काहीबाही. लोकांना ते आवडायचं. बातम्या न वाचणारेही ते वाचायचे. मी ही माहिती पुस्तकांत बघूनच टाकायचो. म्हणजे बहुतेक वेळा.

एके दिवशी दुपारी तालुका पुरवणीतली एक जाहिरात ऐनवेळी रद्द झाली. पान चारला सोडायचं होतं. चारला दहा मिनिटं कमी होती.

"काय पाह्यत बसला गा?" आमचे संपादक, भाऊसाहेब, केबिनमधून ओरडले. "टाकून दे ना काईतरी!"

माझ्या चहाच्या कपावर माशी बसली होती. माशी एकच दिवस जगते, असं लहानपणी कुठंतरी ऐकलं होतं. मी टाइप केलं : 'घरमाशी फक्त चोवीस तास जगते. आज तुमच्या चहावर बसलेली माशी उद्या या जगात नसेल.' दुसऱ्या वाक्यावर मी स्वतःच खूश झालो. तपासायला दोन मिनिटंही लागली नसती. पान गेलं. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी पाठ थोपटली.

याच सदरामुळे मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. शाल, श्रीफळ, सगळं झालं होतं. प्रश्न एका विज्ञानाच्या सरांनी काढले होते. मी फक्त कार्ड वाचून निर्णय द्यायचा.

"चूक," मी म्हणालो.

वैष्णवी खाली बसली नाही. "पण सर, पेपरात लिहून होतं. मह्यापाशी कात्रण..."

कोणत्या पेपरात, ते ती सांगणार, तेवढ्यात मी माइक जवळ ओढला आणि हसत म्हणालो, "बाळा, पेपरात आलेलं सगळंच खरं नसतं!"

हॉल हसला. टाळ्या पडल्या. पेपरवाला असून स्वतःवर विनोद करतो, म्हणून मुख्याध्यापकांनीही मान डोलावली. ती पोर लाल होऊन खाली बसली. दुसऱ्या संघाला प्रश्न गेला. त्यांनी "पंधरा-वीस दिवस" असं अंदाजानं ठोकलं आणि ते जिंकले.

मी त्या वेळी थांबवू शकत होतो. चूक माझी आहे, दुसरा प्रश्न विचारा, एवढं म्हणणं पुरेसं होतं. पण खांद्यावर शाल होती आणि समोर दीडशे लोक होते. मी गप्प बसलो.

नंतर स्टाफरूममध्ये पोह्यांची प्लेट हातात असताना हिंगणीच्या भोयर मॅडम आल्या. वैष्णवी त्यांच्याच वर्गातली.

"सर, निकालाबद्दल माझं काई म्हणणं नाई," त्या म्हणाल्या. "फक्त हे एकदा पाहून घ्या."

त्यांनी एक वही उघडली. उजव्या पानावर माझं 'काय सांगता!' डिंकानं चिकटवलेलं. डाव्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळी. बरणीत माशी ठेवली. झाकणाला भोकं पाडली. साखर टाकली. सोमवार, माशी चालते. मंगळवार, माशी चालते. असं करत पुढच्या सोमवारपर्यंत. आठ दिवस. आणि त्या सगळ्या ओळींवर पेनानं मोठी फुली मारलेली. खाली लिहिलं होतं, 'मोजण्यात माझी चूक झाली.'

"हे आधीचं आहे, सर. मंग तुमचं कात्रण आलं," मॅडम म्हणाल्या. "मी म्हटलं तिले, तू डोळ्यानं पाह्यलं ना? तर म्हणे, मॅडम, पेपरवाले काय उगीच लिहितीन का?"

मी प्लेट खाली ठेवली. "बघतो," एवढंच पुटपुटलो आणि गाडीत बसलो. या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त लाज त्या "बघतो"ची वाटते.

दुसऱ्या दिवशी मी आयोजकांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, नावं वर पाठवून झाली, आता काही होत नाही. मग मी भाऊसाहेबांकडे गेलो. मला खुलासा छापायचा होता. खुलासा म्हणजे, आमचं चुकलं, बरोबर असं आहे, हे वर्तमानपत्रानं स्वतःच सांगणं.

"माशीसाठी खुलासा?" ते म्हणाले. "लोकं हासतीन आपल्यावर."

"हसू द्या. ती पोरगी हरली."

खुलासा छापला. दोन ओळी, सातव्या पानावर. तो घेऊन मी हिंगणीला गेलो. सकाळचा परिपाठ चालू होता. प्रार्थनेनंतर मुलं बातम्या आणि सामान्यज्ञान वाचून दाखवतात, तो वेळ. मॅडमनी मला पुढे उभं केलं.

"माशीचं ते मी लिहिलं होतं," मी म्हणालो. "न तपासता लिहिलं. आणि त्या दिवशी स्टेजवर मला ते आठवत होतं, तरी मी बोललो नाही. वैष्णवीनं वहीत लिहिलेलं बरोबर होतं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वैष्णवीनं रांगेतूनच विचारलं, "मंग तवाच काऊन नाई सांगतलं, सर?"

"लाज वाटली."

"आता नाई वाटून राह्यली?"

"आता जास्त वाटते."

तिनं थोडा विचार केला. खुलाशाचं कात्रण माझ्याकडून घेतलं, पण वहीत चिकटवलं नाही. फुली मारलेल्या ओळी तिनं नव्या पानावर पुन्हा लिहून काढल्या, सोमवारपासून. कात्रण घडी करून दप्तरात टाकलं. माझ्यावर पुन्हा लगेच विश्वास ठेवावा, असं तिला वाटलं नसावं. बरोबरच होतं तिचं.

'काय सांगता!' अजून चालू आहे. पण पान सोडायच्या वेळी तपासलेला मजकूर हाताशी नसला, तर मी ती जागा कोरी सोडतो. भाऊसाहेब ओरडतात. पण कोरी जागा वाचून कुणी स्पर्धा हरल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.