जोडीदाराने वाचलेला आकडा

आपलं वजन आपण वाचायचं नाही, एवढा एक नियम आम्ही चौघांनी पहिल्याच दिवशी केला. काट्यावर उभं राहिलेल्याने समोरच्या भिंतीकडे बघायचं. आकडा त्याच्या जोडीदाराने बघायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणायचा. माणूस स्वतःचा आकडा वाचताना मनातल्या मनात स्वतःला सूट देतो, असं गिरणीवाल्या मित्राचं म्हणणं होतं. तो आयुष्यभर लोकांची पोती मोजत आलेला, म्हणून आम्ही ते मान्य केलं.

चौघे म्हणजे कामशेतला भाताची गिरणी असलेला हा मित्र, देहूरोडच्या डेपोत नोकरीला असलेला दुसरा, कामशेत ते पवनानगर जीप चालवणारा तिसरा, आणि हायस्कूलच्या ग्रंथालयात काम करणारा मी. शाळेत आम्ही एकाच वर्गात होतो. आता सगळ्यांनीच पन्नाशी ओलांडली होती आणि सगळ्यांचीच पोटं पट्ट्यावर आली होती. डेपोवाल्याला साखर निघाली, डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलं. एकट्याने हात हलवत रस्त्याने चालायची त्याला लाज वाटे, म्हणून त्याने आम्हाला ओढलं.

जोड्या गल्लीप्रमाणे पडल्या. जीपवाला आणि मी शेजारी, म्हणून तो माझा जोडीदार झाला. पहाटे साडेपाचला तो माझ्या दाराशी येऊन खाकरायचा. हाक मारायची नाही, कारण घरचे उठतात. मी बाहेर आलो की म्हणायचा, "चला मास्तर, पोटाला फिरवून आणू." मी मास्तर कधीच नव्हतो. पुस्तकं देणं-घेणं हे माझं काम. पण पुस्तकाला हात लावणारा प्रत्येक जण त्याच्या लेखी मास्तरच होता आणि मी त्याला कधी दुरुस्त केलं नाही.

रविवारी त्याच्या जीपमधून बेडशाला जायचं, लेण्यांच्या पायऱ्या चढायच्या, उतरून परत यायचं आणि गिरणीतल्या काट्यावर उभं राहायचं. वर पोचल्यावर मी आत जाऊन स्तूपासमोर थोडा वेळ बसत असे. आमच्या घरचे लोक पौर्णिमेला तिथे येतात, लहानपणापासूनची सवय. तो बाहेर कट्ट्यावर बसून धाप जिरवायचा. मी बाहेर आलो की विचारायचा, "काय म्हणाले?" मी म्हणायचो, "काही नाही." तो म्हणायचा, "मग बरं हाय. घरी गेलं की लय बोलणं ऐकायचंय."

काट्याजवळ जोडीदाराने काय बघायचं तेही ठरलेलं होतं. डेपोवाला दुसऱ्याच रविवारी शेजारच्या पोत्यांच्या थप्पीवर हळूच हात टेकवताना सापडला होता आणि त्यावर महिनाभर त्याची टिंगल चालली होती. त्यामुळे दोन्ही हात मोकळे आहेत का, दोन्ही पाय पूर्ण काट्यावर आहेत का, हे बघूनच आकडा वाचायचा. आमची सगळी पहारेदारी कमी दाखवणाऱ्यासाठी होती. कुणाला जास्त दाखवायचं असेल, हे चौघांपैकी कुणाच्या मनात आलं नाही. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

महिन्यात ज्याचं सगळ्यात जास्त उतरेल त्याला नारळ द्यायचा. पहिले दोन्ही नारळ जीपवाल्याला मिळाले, आणि ते खऱ्या कष्टाचे होते. चौऱ्याण्णववरून सुरुवात केलेला तो उंच माणूस. स्टँडवरचा वडापाव त्याने सोडला, चहातली साखर सोडली, शेवटचा प्रवासी उतरल्यावर गावातल्या गावात जीप न्यायच्या ऐवजी ती लावून चालत घरी यायला लागला. उन्हाळ्यात मी त्याच्याबरोबर लोणावळ्याला शिंप्याकडे गेलो होतो. दोन पँटी कमरेत आत घ्यायच्या होत्या. शिंप्याने टेप लावून विचारलं, आजारी होता का? त्यावर तो इतका खूश झाला की परतीच्या लोकलमध्ये त्याने हा प्रश्न अनोळखी माणसांनाही सांगितला.

तेव्हा तो आजारी नव्हता. मी हे पुन्हा पुन्हा तपासून पाहिलंय. तेव्हा नव्हता.

पावसाळ्यात बेडशाच्या पायऱ्या शेवाळल्या. चालणं गिरणीच्या पडवीत आलं, पोत्यांच्या थप्प्यांभोवती गोल गोल. शनिवार-रविवारी पवनेकडे पुण्याच्या गाड्यांची रीघ लागायची, त्याच्या धंद्याचे तेच दिवस, तरी वजनाची वेळ तो चुकवत नसे. भाताची लावणी झाली तेव्हा तो बहात्तरवर होता. नंतरच्या रविवारी एकाहत्तर. मग एकाहत्तरच राहिला. त्याचा चेहरा उतरला होता, गालफडं बसली होती, पण चेहरा उतरणं हेच तर आमचं यश होतं. आम्ही सगळेच आरशात तेच शोधत होतो. फक्त त्याचं पोट थोडं राहिलंय असं वाटे. डेपोवाला त्यावरून छेडायचा, सगळं गेलं आणि मूळ मालक तेवढा राहिला म्हणून. तो पोटावर हात ठेवून हसायचा.

गणपतीनंतर त्याची बायको मला भाजीच्या गाड्याजवळ भेटली. ती मला भावजी म्हणते. आमच्या गल्लीत तिच्याइतकं कमी बोलणारं दुसरं कुणी नाही. तिने आधी मेथी निवडली, पैसे दिले आणि मग विचारलं, "भावजी, यांचं वजन अजून उतरतंय का? जेवत न्हाईत नीट. दवाखान्यात चला म्हनलं तर अंगावर येतात."

मी म्हणालो, "नाही वहिनी, थांबलंय. पाच रविवार एकाहत्तरवरच आहे."

"तुमी सोता बघितलं?"

"मीच वाचतो दर रविवारी."

"मंग झालं," ती म्हणाली. तिच्या खांद्यांचा ताण उतरलेला मला दिसला. तिने तळेगावच्या दवाखान्यात नंबर लावायचं ठरवलं होतं, ते तिने रद्द केलं. हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मी नुसता बरं वाटून घरी आलो. आपल्या एका वाक्याने कुणाची काळजी मिटते, असं माझ्या आयुष्यात फारसं घडलेलं नाही.

दिवाळी होऊन गेली. एका रविवारी मी सत्तर असा आकडा वाचला. किलोभराचाच फरक, पण गटाने टाळ्या वाजवल्या. तो काट्यावरून उतरला, चपला घातल्या आणि पुढे स्टँडवर जीप लावायला गेला. तासाभरात निरोप आला की तो स्टँडवर पडला. तिथून तळेगाव, तिथून पिंपरीचं मोठं रुग्णालय. पोटातला आजार होता आणि सगळीकडे गेला होता. तो सतरा दिवस जगला. मी पाच वेळा भेटायला गेलो. पाचही वेळा तो शुद्धीवर होता, मला ओळखत होता, आणि बोलला ते डेपोवाल्याच्या साखरेबद्दल आणि जीपच्या क्लचबद्दल.

दहाव्यानंतर तिने मला घरी बोलावलं. रुग्णालयातून आलेली त्याच्या कपड्यांची प्लॅस्टिकची पिशवी तिने मधोमध ठेवली आणि त्यातून जाड कापडाचा एक कसा, म्हणजे लांबट पिशवी, काढला, कमरेला बांधायच्या नाड्या असलेला. पूर्वी बाजाराला जाणारे लोक पैशांसाठी बांधत तसा. तो तिला दोन्ही हातांनी उचलावा लागला. आत शिशाचे तुकडे होते. पवनेला जाळी टाकणारे लोक जाळ्याच्या काठाला लावतात ते. जीप रोज तिकडे जायची, त्यामुळे त्याला ते मिळणं अवघड नव्हतं.

"हे त्यांच्या अंगावर व्हतं," ती म्हणाली. "नर्सनं काढून दिलं. हे काय हाय भावजी?"

मला लगेच कळलं नाही. मग कळलं. पडला तो रविवार होता. तो काट्यावरून उतरून थेट स्टँडवर गेला होता.

मी गप्प बसलो तेवढ्यात तिने तिचं काय ते ठरवलं. "तुमाला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "काट्याजवळ तुमीच उभे व्हते ना." मग उठून आत गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

संध्याकाळी मी गिरणीत गेलो. डेपोवालाही तिथेच होता. मी त्या शिशाच्या पिशवीचं सांगितलं तेव्हा डेपोवाला पोत्यावर बसलाच. दोन-तीनदा म्हणाला, असं कसं होईल. गिरणीवाला मात्र कोंड्याची टोपली झाडत राहिला. त्याला धक्का बसला नव्हता. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि त्याने टोपली खाली ठेवली.

आजार आषाढातच कळला होता, तो म्हणाला. जीपवाला एकटाच तपासायला गेला होता. मोठ्या भावाचं शेवटचं वर्ष त्याने दवाखान्यात पाहिलं होतं, तसं त्याला नको होतं. घरी कळलं तर जीप उभी राहील आणि आपल्याला खाटेवर बसवतील, असं त्याने धरलं होतं. वजन उतरताना दिसलं की घरी संशय येणार, म्हणून तो दर शनिवारी गिरणीत यायचा. छोट्या काट्यावर शिसं मोजून घ्यायचा. आधी दीड किलो, मग तीन, मग सहा.

मी विचारलं, मला का सांगितलं नाही.

गिरणीवाल्याने हाताला लागलेला कोंडा झटकला. मग म्हणाला, "तो म्हणला, मास्तरला सांगू नको. त्याला खोटं बोलता येत न्हाई. त्याला खरं वाटलं तरच तो नीट वाचील."

गेले वर्षभर मी हे वाक्य हळूहळू लिहून, खोडून, परत लिहून पाहतो आहे. त्यात माझं कौतुक आहे असं डेपोवाला म्हणतो. मला ते कौतुक कधी दिसलं नाही. रोज पहाटे तो माझ्या दाराशी येऊन खाकरायचा, तीन-चार मैल आम्ही बरोबर चालायचो. त्याने मला मुलीच्या स्थळांचं सांगितलं, बायकोशी झालेल्या भांडणांचं सांगितलं, एकदा तर वडिलांच्या आठवणीने रडला. आषाढानंतरही हे सगळं चालू होतं. आणि त्यातला प्रत्येक दिवस मी त्याच्यासाठी काट्याचा एक भाग होतो. असा भाग, की ज्याच्यावर त्याच्या बायकोचा विश्वास होता.

मी गिरणीवाल्याला म्हणालो, वहिनींना जाऊन सांग. मला माहीत नव्हतं एवढंच सांग. तो म्हणाला, त्याच्यापुढे शपथ घेतली आहे, मेलेल्या माणसाची शपथ मोडवत नाही. मी म्हणालो, मी जिवंत आहे. त्याने टोपली पुन्हा उचलली.

त्यानंतर मी चालायला गेलो नाही. गल्लीत ती समोरून आली की पदर सावरून दुसऱ्या बाजूला व्हायची. ती वाईट बोलली असती तर बरं झालं असतं. मला रोज त्याच दारावरून शाळेत जावं लागे. वजन भराभर वाढलं. मी ते मोजलं नाही, पण शर्टाच्या गुंड्यांवरून कळत होतं.

महाशिवरात्रीच्या आसपास एका दुपारी गिरणीवाला ग्रंथालयात आला. शाळा सोडल्यापासून तो तिथे आला नसावा. कपाटांमधल्या जागेत अंग चोरून उभा राहिला. म्हणाला, झोप लागत नाही, चल. मी कुलूप लावलं आणि त्याच्या गाडीवर मागे बसून गेलो.

त्याने तिच्यापुढे सगळं सांगितलं. आषाढापासून. काही लपवलं नाही, स्वतःला झाकलं नाही. ती जमिनीकडे बघत ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारलं, खरं वजन किती होतं.

"चौसष्ट," तो म्हणाला. "शेवटच्या रविवारी."

तिने नजर वर केली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हंजे तुमाला बी सांगितलं न्हाई."

"नाही."

"मला वाटलं, तुमी दोघं मिळून." तिने मान हलवली. "बसा भावजी. च्या ठेवते."

ज्यासाठी मी तीन महिने तळमळलो होतो ते मिळालं होतं. तिचा माझ्यावर विश्वास बसला होता. मी बसलो. चहा आला. कप माझ्या हातात देताना ती अगदी साध्या आवाजात, रागाने नाही, म्हणाली, "त्यांनी तुमालाच धरलं, कारण मी तुमचं ऐकते. मी कुनाचं ऐकते ते त्यांना म्हाईत व्हतं."

 माझ्याबाबत त्याचा हिशेब चुकला नव्हता. मला आषाढात सांगितलं असतं तर मी त्याच संध्याकाळी तिला सांगितलं असतं. तो वाचला असता की नाही, ते डॉक्टरही सांगू शकले नाहीत. पण ती त्याच्याबरोबर गेली असती, आणि मी त्याच्याशी भांडलो असतो. तेही त्याने आम्हाला मिळू दिलं नाही. त्याने मला बरोबर ओळखलं होतं, आणि तेवढ्यासाठीच मी त्याला अजून माफ केलेलं नाही. त्याच्याबद्दल लोक बोलतात तेव्हा मी ऐकतो आणि डोळे भरतातही. पण माझ्या आत एक जागा आहे, जिथे मी त्याच्याशी बोलणं सोडलं आहे.

चहा संपवून आम्ही बाहेर आलो. गिरणीवाल्याने गाडी चालू केली आणि माझ्यासाठी थोडा पुढे सरकला. मी त्याला जायला सांगितलं. मला शाळेत परत जायचं होतं, आणि मी चालत गेलो.